वाळूचं मांजर

प्राण्यांच्या दवाखान्यात तीस वर्षं नोकरी करून मोजेमावशींनी दोनच गोष्टी कमावल्या होत्या: दोन्ही मनगटांवर मिळून एकवीस ओरखड्यांचे वण, आणि माणसाच्या तोंडच्या शब्दावर काडीइतकाही विश्वास न ठेवण्याची सवय. वण मांजरांनी दिले होते, सवय मांजरांच्या मालकांनी. वणांबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

हुद्दा मदतनिसाचा. डॉक्टर टोचायचे, मावशी धरायच्या. धरणं ही विद्या कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत, त्यामुळे तिची पाटी दाराबाहेर लागत नाही. पण मावशी रजेवर असल्या की त्या संध्याकाळी डॉक्टरांच्या बोटांना पट्ट्या दिसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ते मावशींशी नेहमीपेक्षा अंमळ अदबीने बोलायचे. बाकी दवाखान्यात वाखाणण्यासारखं काही नव्हतं. बाहेर एक लाकडी बाक, आत स्टीलचं टेबल, कोपऱ्यात पिल्लांचा वजनकाटा, आणि सगळ्यावर जंतुनाशकाचा असा वास, की मावशी घराच्या जिन्यात पोचल्या की वरून धाकटी बहीण म्हणायची, "आली ताई."

ही बहीण शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. घराच्या चार भिंतींपैकी तीन पुस्तकांनी बळकावल्या होत्या. चौथीत खिडकी होती म्हणून ती वाचली. यातलं एकही पुस्तक ताईने वाचलेलं नाही, असं बहीण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पुसली मात्र सगळी आहेत, असं ताई सांगायची. दोघींचंही खरं होतं आणि त्यावर दोघींचा संसार सुखाने चालला होता.

दवाखान्यातली अडचण अशी होती की तीच पिल्लं पुन्हा पुन्हा यायची. डॉक्टर मालकांना समजावून सांगायचे: पिल्लाला गाईचं दूध पाजू नका, आंघोळ घालू नका, उचलताना खालून आधार द्या, दोऱ्याने खेळू देऊ नका. मालक इतक्या मनापासून मान डोलवायचे, की पाहणाऱ्याला वाटावं यांना हे सगळं आधीपासूनच माहीत होतं. आठ दिवसांनी तेच पिल्लू, पोट बिघडलेलं किंवा पोटात लोकरीचा दोरा गेलेला. मावशींनी काही वर्षं हे मुकाट पाहिलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की घरात पिल्लू आईबाप सांभाळतच नाहीत. ते सांभाळतं घरातलं चार वर्षांचं मूल. आणि डॉक्टर सूचना देत असतात तेव्हा ते मूल बाकाखाली स्वतःची चप्पल शोधत असतं.

तेव्हा मावशींनी मुलांसाठी चिठ्ठ्या काढायला घेतल्या. औषधाच्या कागदाची मागची कोरी बाजू, त्यावर बॉलपेनने एक चित्र. त्यांची चित्रकला पाचवीत सुटली होती आणि पिल्लू काढताना ते लपत नसे. पहिल्या चिठ्ठीवर त्यांनी मानेला धरून लोंबकळवलेलं पिल्लू काढलं आणि त्यावर लाल पेनने ठसठशीत फुली मारली. असं करू नये. याहून स्पष्ट ते काय सांगायचं? अकरा मुलांना त्यांनी ती चिठ्ठी वाटली आणि स्वतःवर बेहद्द खूश झाल्या.

पुढच्याच आठवड्यात एक पाच वर्षांची मुलगी आली. मागून धापा टाकत तिची आई. मुलीच्या एका हातात चिठ्ठी होती आणि दुसऱ्या हातात मानेला धरलेलं पिल्लू. जिना उतरताना ते तिच्या हातून सुटलं होतं आणि त्याचा मागचा पाय मोडला होता. मुलगी रडत नव्हती. आपण चुकलो नाही याची तिला खात्री होती. तिने चिठ्ठी मावशींसमोर धरली आणि सांगितलं, "मी चित्रातल्यासारखंच धरलं होतं."

पाय बांधून होईपर्यंत ते पिल्लू मावशींनीच धरलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन नियम केले आणि ते कधी मोडले नाहीत. निदान त्यांची तशी समजूत होती.

पहिला नियम: जे करायचं नाही त्याचं चित्र काढायचं नाही. फुली ही मोठ्या माणसांची भाषा आहे. मूल चित्र वाचत नाही, ते चित्र करतं.

दुसरा नियम: मुलाचे हात बघितल्याशिवाय चिठ्ठी द्यायची नाही. यासाठी त्यांनी डॉक्टरांचा एक जुना लोकरी मोजा मागून घेतला. त्यात पुढे कापूस भरला, मागे वाळू, आणि वजनकाट्यावर ठेवून चमच्याचमच्याने आठ आठवड्यांच्या पिल्लाइतकं वजन जमवलं. दोन्ही हातांचा आधार दिला नाही तर मागचा भाग खऱ्या पिल्लासारखाच लोंबायचा. बाकावर एखादं मूल आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलं की मावशी त्याच्या मांडीवर चिठ्ठी ठेवायच्या, शेजारी मोजा ठेवायच्या, आणि आपण टेबल पुसतोय असं दाखवत त्याचे हात बघत राहायच्या. हातांनी बरोबर केलं तर चिठ्ठी पास. नाहीतर कागद फाडून नवं चित्र. मुलाला विचारत का नाही, असं डॉक्टरांनी एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तोंडाला काय विचारायचं? तोंड शाळेत जातं. हात जात नाहीत."

मोजेमावशी हे नाव तेव्हापासूनचं. आधीचं नाव होतं, ते आता पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

अशा एकोणीस चिठ्ठ्या तयार झाल्या आणि दवाखान्याच्या भिंतीवर चिकटल्या. कलेच्या दृष्टीने त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. पिल्लू बहुतेक ठिकाणी उकडलेल्या बटाट्यासारखं दिसायचं, कान असलेल्या. पण हात अचूक. कागदाच्या खालच्या कडेतून वर आलेले दोन छोटे हात, अगदी मुलाला स्वतःचे दिसतात तसे: एक छातीखाली, एक मागच्या पायांखाली. मावशींनी आयुष्यभर दुसरं काही निरखून पाहिलंच नव्हतं. पोट बिघडलेली पिल्लं पुन्हा यायची कमी झाली. हे धंद्याच्या दृष्टीने बरं नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण हसत म्हणाले.

त्या भिंतीसमोर एक दिवस लहान मुलांच्या पुस्तकांचे प्रकाशक येऊन उभे राहिले. त्यांच्या बोक्याला अतिलठ्ठपणा झाला होता. बोक्यावर मालकाची छाप होती. प्रकाशक कायम घाईत असणारे गृहस्थ, पण त्या दिवशी बोका आत टेबलावर असताना त्यांनी एकोणीसच्या एकोणीस चिठ्ठ्या पाहिल्या आणि बाहेर येऊन सांगितलं, की याचं पुस्तक करू. सोळा पानांचं, रंगीत, जाड कागदाचं. पिल्लू घरी येतं त्या दिवसापासून काय काय करायचं ते. मुखपृष्ठावर तुमचं नाव.

मावशी म्हणाल्या, "मला मांजर काढता येत नाही."

"ते दिसतंच आहे," प्रकाशक म्हणाले. चित्रकार त्यांच्याकडे होता.

घरी ही बातमी कळल्यावर बहीण खुर्चीवर बसली. त्यांच्या घराण्यात आजवर कुणाचं नाव छापून आलं असेल तर ते मतदारयादीत आणि विजेच्या बिलावर, आणि बिलावर तेही चुकीचं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांना क्रमांक चिकटवणाऱ्या त्या बाईने उठून मधल्या भिंतीवरचं एक फडताळ रिकामं केलं. सोळा पानांच्या पुस्तकाला एवढी जागा कशाला, असं मावशींनी विचारलं नाही. डोळे पुसणाऱ्या माणसाला काही विचारू नये एवढं त्यांना कळत होतं.

दीड महिन्याने चित्रं आली. चित्रकार तिशीतला, अबोल, बोटांना कायम रंग लागलेला मुलगा होता आणि त्याचा हात निःसंशय देखणा होता. काय ती पिल्लं! (या गोष्टीत उद्गारचिन्ह एकदाच येणार, ते इथे आलं.) लिंबाएवढे डोळे, कापसासारखं अंग, गळ्यात निळी रेशमी फीत. एक पिल्लू वाडग्यातलं दूध पीत होतं आणि मिशांना थेंब लागले होते. एक लोकरीच्या गुंड्याशी खेळत होतं. एक उताणं पडून चारही पाय वर करून वाचकाकडे बघून हसत होतं. आणि नवव्या पानावर मानेला धरलेलं पिल्लू, त्यावर लाल फुली, धरणारा हात तिच्याआड, शेजारी मजकूर: असं कधीही करू नका.

बहिणीचे डोळे पुन्हा पाणावले. मावशींनी सगळी चित्रं जेवणाच्या टेबलावर मांडून बराच वेळ पाहिली. चित्रं त्यांनाही आवडली होती, हे इथे नमूद करायला हवं. असं एखादं पिल्लू दवाखान्यात आलं असतं तर त्यांनी ते परत दिलं नसतं. शेवटी त्या म्हणाल्या, "ही सगळी आजारी पडणार."

दुसऱ्या दिवशी त्या प्रकाशकांच्या कचेरीत गेल्या. प्रकाशकांचं म्हणणं असं, की लोक मांजराच्या पुस्तकात दूध, फीत आणि लोकर शोधतात. ती नसली तर हे मांजर आहे हे त्यांना पटत नाही. शिवाय मजकुरात सगळं स्पष्ट लिहिलं आहे. मावशींनी विचारलं, हे पुस्तक किती वर्षांच्या मुलासाठी. चार ते सहा, प्रकाशक म्हणाले. मग मजकूर कोण वाचणार, मावशींनी विचारलं. आईबाप वाचून दाखवतील, प्रकाशक म्हणाले. मावशींना तीस वर्षं पाहिलेले आईबाप आठवले. मग त्या म्हणाल्या, की आपण भांडायला नको, मुलांना विचारू. म्हणजे त्यांच्या हातांना. चित्रं पास झाली तर माझी ना नाही. नापास झाली तर बदलायची.

प्रकाशकांनी ते मान्य केलं, कारण चित्रं सुंदर होती आणि सुंदर गोष्ट नापास होते हे त्यांनी पाहिलं नव्हतं. फक्त एक अट घातली: तुमच्या चिठ्ठ्याही त्याच मुलांपुढे ठेवायच्या.

शनिवारी सकाळी कचेरीमागच्या कागदाच्या खोलीत परीक्षा भरली. गठ्ठ्यांवर पाच मुलं बसवली होती, कर्मचाऱ्यांची आणि शेजारपाजारची, एकालाही वाचता येत नसलेली. प्रत्येकापुढे एक मोजा, त्यासाठी मावशींनी आणखी चार भरले होते. मावशी, प्रकाशक आणि चित्रकार दाराजवळ उभे. बोलायचं नाही, एवढीच सूचना.

उताण्या पिल्लाचं चित्र पाहताच पाचही मुलांनी मोजे उताणे केले आणि पोट चोळायला सुरुवात केली. एकाने तर तिथे गाल टेकला. मावशींनी आपलं डावं मनगट चित्रकारापुढे धरलं आणि मग हळूच सांगितलं, की यातले सात पोटाचे. चित्रकाराने मनगट पाहिलं आणि मग त्या मुलाचा गाल पाहिला. फितीच्या चित्रावर एका मुलीने आपल्या केसांची फीत सोडली आणि मोज्याच्या गळ्याला बांधली, दुहेरी गाठ मारून. ती शेवटी कात्रीने कापावी लागली. दूध सगळ्यांनी पाजलं.

मग नववं पान. चार मुलांनी मोजा मानेला धरून उचलला. त्यांतली एक बालवाडीत जाणारी होती, मोजा एका हातात लोंबकळवत तिने खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं, "मांजराला मानेला धरू नये." आणि मग शाबासकीसाठी सगळ्यांकडे पाहिलं. पाचव्याने मोजा उचललाच नाही. त्याला लागलंय, त्याने सांगितलं, लाल पट्टी बांधलीय, उचलायचं नसतं. पाचांत एकटा तोच शहाणा, आणि तोही गैरसमजाने.

मग प्रकाशक म्हणाले की आता चिठ्ठ्या.

चिठ्ठ्यांतल्या बटाट्यांना मुलं आधी हसली. मग त्यांनी मोजे उचलले: एक हात छातीखाली, एक मागे. पाचही. पाण्याचं भांडं, पास. टोपली, पास. प्रकाशकांचा चेहरा उतरत चालला होता आणि चित्रकार एव्हाना चेहऱ्यांकडे बघायचं सोडून हातांकडे बघायला लागला होता.

अकरावी चिठ्ठी होती शौचाच्या तबकाची. पसरट तबकात वाळू, वाळूत पिल्लू, आणि दोन हात वाळू सारखी करताहेत. ही मावशींची लाडकी चिठ्ठी. हिच्यातलं पिल्लू त्यांच्या हातून चुकून जरा मांजरासारखं उतरलं होतं आणि म्हणून ती भिंतीच्या मधोमध होती. मुलांपुढे वाळूचं खरं तबक ठेवलं. पहिल्या मुलाने मोजा वाळूत ठेवला आणि त्याच्यावर वाळू ओढली. दुसऱ्याने डोक्यापर्यंत ओढली आणि वरून थापटली. "झोपवलं त्याला," तो म्हणाला. बाकीच्या तिघांनी मदत केली. मोजा दिसेनासा झाला.

प्रकाशकांना हायसं वाटलं. म्हणजे दोन्हीकडे थोडं थोडं चुकतं म्हणायचं, असं ते समजुतीच्या सुरात बोलू लागले. मावशींनी त्यांना पुरं करू दिलं नाही. ही चिठ्ठी आपण कधी तपासलीच नव्हती, असं त्यांनी सांगितलं. आवडती होती म्हणून. भिंतीवर जाऊन तिला वर्षं लोटली आहेत. हे सांगताना त्यांनी चित्रकाराकडेही पाहिलं नाही आणि प्रकाशकांकडेही नाही, वाळूत हात घालून मोजा बाहेर काढला, झटकला आणि त्या म्हणाल्या, "माझंही काढून टाका."

सोमवारी डॉक्टर दवाखान्यात आले तेव्हा भिंतीच्या मधोमध एक मोकळा चौकोन होता.

आपल्या चुकीवर पांघरूण घालण्याची इतकी सोयीची संधी आपणहून सोडणारं माणूस चित्रकाराने याआधी पाहिलं नसावं. तो त्या शनिवारीच संध्याकाळी दोघी बहिणींच्या घरी आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "मावशी, तुमच्या हातांत माझं मांजर चालेल का?"

चाललं. मात्र त्यातून एक गुपित बाहेर पडलं, की त्याला हात काढता येत नाहीत. आजवरच्या बावीस पुस्तकांत त्याची मुलं हात खिशात घालून, पाठीमागे बांधून किंवा फुलांमागे लपवून उभी होती, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आता चार महिने तो दवाखान्याच्या बाकावर कागद घेऊन बसला आणि मुलांचे हात काढत राहिला. घरी बहीण त्याला चहा द्यायची आणि त्याची रेखाटनं चहापासून दूर ठेवायची. पानं एकेक करून तयार झाली, दर शनिवारी कागदाच्या खोलीत गेली आणि पास किंवा नापास होऊन आली. दर वेळी नवी मुलं. एकदा आलेलं मूल मावशी पुन्हा घेत नसत. ते शिकलेलं असतं, ते आपल्याला बरं वाटावं म्हणून बरोबर करतं. तबकाचं पान सहाव्या खेपेला सुटलं: पिल्लू स्वतःच्या पायांनी तबकातून बाहेर निघालंय आणि हातांत फक्त छोटं फावडं. मुखपृष्ठावर मावशींनी हट्ट धरला नाही. ते विकत घेणाऱ्या मोठ्यांसाठी असतं, तिथे डोळे लिंबाएवढे असू देत, म्हणाल्या. फीत मात्र काढायला लावली.

अडलं ते शेवटच्या पानावर. शेवटचं पान झोपेचं होतं. मांजराचं पिल्लू दिवसाचा बराचसा वेळ झोपतं आणि झोपलेलं असताना त्याला हात लावायचा नाही. आता हात न लावण्याचं चित्र कसं काढायचं? चित्रकाराने झोपलेलं पिल्लू काढलं, मुलांनी थोपटलं. दूर टोपलीत झोपलेलं काढलं. मुलं उठून टोपलीकडे गेली आणि तिथे थोपटलं. हात मांडीवर ठेवलेले काढले. मुलांनी तेवढ्यापुरते हात मांडीवर ठेवले, मग थोपटलं. आठ चित्रं झाली, आठही नापास. दर वेळी एक तरी हात जायचाच.

प्रकाशकांनी वाट पाहिली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण छापखान्याची तारीख ठरली होती, शाळा पुस्तकाची वाट पाहत होत्या, आणि सोळा पानांतली पंधरा तयार होती. त्यांनी मावशींना बोलावून सांगितलं, की येत्या सोमवारी छपाई. शेवटच्या पानासाठी चित्रकाराने अगदी सुरुवातीला काढलेलं एक चित्र होतंच: अंथरुणात मूल झोपलंय आणि त्याच्या कुशीत पांघरुणाखाली पिल्लू. सुरेख चित्र. तेच जाईल.

अंथरुणात मुलाच्या अंगाखाली आलेलं पिल्लू मावशींनी दवाखान्यात तीनदा धरलं होतं. तिन्ही वेळा धरण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, की मग माझं नाव काढा.

प्रकाशकांनी समजावलं, की एका पानासाठी असं करू नका. नाव नसेल तर उद्या हे पुस्तक तुमचं आहे हे कुणाला सांगताही येणार नाही. मावशी म्हणाल्या, सांगायचं कुणाला असतं. आणि घरी आल्या.

घरी बहीण भडकली. ती सहसा भडकत नसे, पण एकदा भडकली की ग्रंथालयातल्यासारखी हळू आवाजात भडकायची, ते अधिक वाईट. आयुष्यात एकदा नाव छापून येतंय, ती म्हणाली, पंधरा पानं तुझ्या मनासारखी झाली, आणि तू एका पानासाठी सगळ्यावर पाणी सोडतेस. तुला कधी स्वतःसाठी काही हवं असतं की नाही, ताई?

मावशींनी चपला काढल्या, हात धुतले, आणि विचारलं, "तू पंचवीस वर्षं मुलांना पुस्तकं दिलीस. मूल झोपतं तेव्हा कुठलं पान उघडं असतं?"

बहिणीला उत्तर माहीत होतं. "शेवटचं," ती म्हणाली. मग तिने ताईसाठी पान वाढलं.

शुक्रवारी दवाखान्यात एका पिल्लाची शस्त्रक्रिया झाली. भूल उतरेपर्यंत ते बाकावर टोपलीत झोपलं होतं आणि शेजारी त्याची चार वर्षांची मालकीण. तिचा हात टोपलीकडे जायचा, आई तो बाजूला करायची, हात पुन्हा जायचा. मावशी हे टेबल पुसत पाहत होत्या. तेवढ्यात आईला आत बोलावलं. तिने जाता जाता आपली भलीमोठी पर्स मुलीकडे दिली आणि नीट धर म्हणून बजावलं. मुलीने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. आई वीस मिनिटांनी बाहेर आली. तोवर मुलीने पर्सही सोडली नव्हती आणि टोपलीलाही हात लावला नव्हता.

तीस वर्षं हात बघून मावशींनी एक साधी गोष्ट पाहिली नव्हती: हात जातो, कारण तो रिकामा असतो. दवाखाना बंद व्हायला अजून अवकाश होता. त्यांनी डॉक्टरांकडे भर कामातून एका तासाची सुट्टी मागितली, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि डॉक्टर इतके चकित झाले की कारण विचारायचं विसरले. मावशी तडक चित्रकाराच्या खोलीवर गेल्या आणि दारातूनच त्याला विचारलं, की शेवटच्या पानावर आलेल्या मुलाच्या हातात काय असतं.

चित्रकाराने रंगाचं बोट हवेत तसंच ठेवून विचार केला. मग त्याने नवा कागद घेतला.

शनिवारी कागदाच्या खोलीत तीन नवी मुलं आली. प्रकाशकही आले, उभ्याउभ्याच बघतो म्हणाले, सोमवार तोंडावर आला होता. टोपलीत मोजा ठेवला. तिघांपुढे एकेक कच्ची प्रत ठेवली, शेवटच्या पानावर उघडून. पानावर खालून आलेले दोन छोटे हात होते आणि त्या हातांनी एक पुस्तक दोन्ही कडांना घट्ट धरलं होतं. हेच पुस्तक. पुस्तकाच्या वरच्या कडेपलीकडे, दूर, पिल्लू वेटोळं करून झोपलं होतं.

मुलांनी पान पाहिलं. एकाने पुस्तक उचललं, दोन्ही हातांनी. मग दुसऱ्याने. तिसरी बायंडरची मुलगी, चारच वर्षांची. तिने उचललं आणि टोपलीसमोर मांडी घालून बसली. तिघं पुस्तकाच्या कडेवरून मोज्याकडे बघत राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. मावशी सहा हात बघत होत्या आणि सहाही जागेवर होते.

पाचव्या मिनिटाला प्रकाशकांना राहवलं नाही. मोजा खरोखरच झोपल्यासारखा दिसत होता, आणि त्यांच्या हातात काही नव्हतं. ते वाकले आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हळूच बोट फिरवलं.

बायंडरच्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. ती रागावली नाही, फक्त जराशी पुढे सरकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आजोबा, ते झोपलंय ना." मग तिने आपलं पुस्तक त्यांच्यापुढे केलं. "तुम्ही हे धरा."

आजोबा म्हटलेलं प्रकाशकांना एरवी खपत नसे. त्यांनी पुस्तक घेतलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि कागदाच्या गठ्ठ्यावर तिच्या शेजारी बसले.